घरातली ऑर्किड, थोडी जागा, थोडा वेळ आणि खान्देशचा उन्हाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळला तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या घरात मी अकरा वर्षं ऑर्किड वाढवते. सकाळी सातची शाळा, यजमानांची रेल्वेतली शिफ्ट ड्युटी, घरात सासूबाई. गॅलरी पूर्वेची, साडेतीन फूट रुंद. शेजारणी, शाळेतल्या बाई आणि भाजी घेताना गाठणाऱ्या ओळखीच्या मंडळींनी आजवर विचारलेले प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत.

आपल्याकडे ४५ अंशांचं ऊन. इथे ऑर्किड जगतात तरी का?

जगतात. सातपुड्याच्या पायथ्याला आंब्याच्या किंवा बाभळीच्या फांदीवर जाड, चिवट, पन्हळीसारख्या पानांचा जुडगा आणि हवेत लोंबणारी पांढरट मुळं दिसतात. पुष्कळ लोक त्याला बांडगूळ समजतात. ती रास्ना, शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा. ती झाडाचा रस शोषत नाही, बसायला फांदी तेवढी घेते. तपकिरी-पिवळ्या पाकळ्यांवर चौकटी-चौकटींची नक्षी, मधली जिभेसारखी पाकळी निळसर-जांभळी आणि मंद सुगंध. आपल्याच उन्हात, कोणी पाणी न घालता ती फुलते.

दुकानातून आणलेलं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड मात्र दमट जंगलातल्या वंशाचं. त्याला उन्हाइतकाच, बहुधा त्याहून जास्त, त्रास कोरड्या हवेचा होतो. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्या हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. मुळांनी घेतलं त्यापेक्षा पानांतून जास्त पाणी उडालं की पानं सुरकुततात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी ओततात, आणि मग मुळं कुजतात. मला भेटलेली बहुतेक मेलेली ऑर्किड अशीच गेलेली आहेत.

घरात किती झाडं ठेवावीत?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि तो झाडं आणण्याआधी फार थोडे जण विचारतात. सगळे जागा मोजतात. मोजायची असतात ती मिनिटं, आणि तीही मे महिन्यातली.

२०१९ साली माझ्याकडे ६४ झाडं होती. हिवाळ्यात सगळं छान चाललं होतं. आठवड्यातून एकदा पाणी, रविवारचा एक तास, संपलं. मे लागला आणि प्रत्येक कुंडी रोज बघावी लागू लागली. एक कुंडी उचलणं, भिजवणं, निथळवणं आणि जागेवर ठेवणं यात दीड मिनिट जातं. ६४ कुंड्यांची ९६ मिनिटं झाली, तीही सकाळच्या शाळेआधी. मी निम्म्यांना पाणी देऊन निम्मी दुसऱ्या दिवसावर ढकलू लागले आणि त्या महिन्यात ११ झाडं गेली. एका झाडाकडे बघून सासूबाई म्हणाल्या, "मरी गय का व माय हाई झाड?" तेव्हा मी खाली बसून खरंच रडले होते.

त्यानंतर माझा हिशेब बदलला. मे महिन्यातल्या सगळ्यांत वाईट दिवशी, म्हणजे शाळा, पाहुणे, वीज गेलेली आणि अंगात कणकण असताना, मी झाडांना किती वेळ देऊ शकते? माझं उत्तर २५ मिनिटं. तेवढ्या वेळात माझ्या पद्धतीने ४० झाडं होतात, म्हणून ४०. तुमचं उत्तर दहा मिनिटं असेल तर १५ झाडं ठेवा आणि आनंदाने ठेवा. थंडीत रिकामं दिसणारं शेल्फ ही नवीन झाड आणण्याची परवानगी नसते. गर्दी मे महिन्यातच मोजायची.

ही "पद्धत" म्हणजे नेमकं काय?

सगळ्या झाडांना एकाच वेळी तहान लागेल अशी व्यवस्था करणं. माझ्याकडे पूर्वी पाच प्रकारची माध्यमं, म्हणजे कुंडीत मातीऐवजी घालायचं भरण, आणि हाताला लागेल त्या मापाच्या कुंड्या होत्या. ज्या नर्सरीतून झाड आलं त्या नर्सरीचं भरण तसंच. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन कुंड्यांपैकी एक कोरडी ठणठणीत आणि दुसरी चिखल. प्रत्येकीत बोट घालून बघावं लागे आणि वेळ त्यातच जाई.

आता ऑर्किडच्या तीन प्रकारांचे तीनच गट आहेत. फॅलेनॉप्सिस सगळी चार इंची पारदर्शक प्लास्टिक कुंडीत, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि लाकडी कोळसा निम्मे-निम्मे. डेंड्रोबियम मातीच्या लहान, बाजूला भोकं असलेल्या कुंडीत, कोळसा आणि विटांचे तुकडे. व्हँडा लाकडी टोपलीत मोकळ्या मुळांनी. पहिल्या गटातल्या नऊ-नऊ कुंड्या एका ट्रेमध्ये बसतात. ट्रे टबात ठेवायचा, दहा मिनिटं भिजू द्यायचा आणि तोवर आपण डबे भरायचे. नऊ झाडांमागे माझे स्वतःचे हात चार मिनिटं गुंततात. ट्रेमधलं एक जरी झाड कुजलेलं किंवा डागाळलेलं दिसलं तर ते आधी बाहेर काढायचं, आणि तेच पाणी दुसऱ्या ट्रेला वापरायचं नाही.

कोळसा लाकडीच हवा. माझा इस्त्रीवाल्याकडून येतो, राख धुऊन सुपारीएवढे तुकडे करून घेते. सोडणाचे तुकडे दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावेत, कारण त्यात क्षार असतात.

पाणी किती दिवसांनी घालायचं?

दिवसांवर जाऊ नका. मूळ बघा. ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखं आवरण असतं. ओलं असताना ते हिरवं दिसतं, सुकलं की चंदेरी. पारदर्शक कुंडी घ्यायची ती एवढ्यासाठीच. मुळं चंदेरी आणि कुंडी उचलल्यावर हलकी, म्हणजे पाणी हवं. तरी अंदाज हवाच असेल तर माझ्या घरात फॅलेनॉप्सिसला थंडीत सहा-सात दिवसांनी, पावसाळ्यात पाच-सहा दिवसांनी आणि मे महिन्यात एक दिवसाआड पाणी लागतं. कोळशातल्या डेंड्रोबियमला मेमध्ये रोज. व्हँडाची मुळं रोज बादलीत बुडवावीच लागतात, वर्षभर.

पाणी सकाळी द्या. पानांच्या मधल्या खोबणीत थेंब राहिला तर कागदाच्या बोळ्याने टिपून घ्या, नाहीतर रात्रीतून गाभा सडतो.

बोअरचं पाणी चालेल का?

आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो. तोच थर कुंडीत मुळांवर बसतो आणि मुळांची टोकं काळी पडतात. म्हणून ते पाणी मी व्हँडा आणि फॅलेनॉप्सिसला देत नाही. डेंड्रोबियम निभावून नेतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून सगळ्यांना चालतं. सगळ्यांत उत्तम पावसाचं. गच्चीच्या पन्हळीखाली २०० लिटरचे दोन ड्रम ठेवून मी जुलै-ऑगस्टमध्ये भरून घेते, डासांसाठी तोंडाला जाड कापड बांधते आणि उन्हाळ्यात फक्त फॅलेनॉप्सिससाठी वापरते.

शुद्ध पाण्याच्या मशीनमधून जे पाणी वाया जातं ते वापरू नका, त्यात क्षार जास्त साठलेले असतात. एसीतून गळणारं पाणी चांगलं. पण आपल्याकडे उन्हाळ्यात हवाच इतकी कोरडी की ऐन गरजेला ते थेंब-थेंबच मिळतं. महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडीवरून भरपूर साधं पाणी वाहू द्यावं, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात.

जागा अगदीच नाही. गॅलरीत कपडे वाळत घालतो.

कपड्यांच्या दोरीखाली डेंड्रोबियम खूश असतात, कारण ओल्या कपड्यांमुळे हवा जरा दमट राहते आणि ऊन चाळून येतं. माझ्या गॅलरीत हाच प्रकार आहे.

जमीन सोडा, भिंत आणि गज वापरा. खिडकीच्या ग्रिलला आतून जाळी बांधून त्यावर आकड्यांनी कुंड्या अडकवल्या तर चार फूट रुंदीत १५ कुंड्या बसतात. व्हँडा छताच्या हुकाला. फक्त खाली काय भिजणार ते आधी बघा, माझं शाळेचं रजिस्टर एकदा भिजलेलं आहे.

दिशा मात्र बघायलाच हवी. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. उत्तरेकडे फॅलेनॉप्सिस जगतं, फुलायला कुरकुरतं. पश्चिमेकडे मार्च ते जून या काळात ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट बांधल्याशिवाय काहीच ठेवू नका. दुपारी तीनचं ऊन एका दिवसात पानावर पांढरा चट्टा उठवतं आणि तो कधीच जात नाही. प्रकाश मोजायला यंत्र लागत नाही. दुपारी झाडाच्या एक फूट वर हात धरा. पुसट सावली पडली तर फॅलेनॉप्सिसला योग्य, रेखीव पडली तर डेंड्रोबियम आणि व्हँडाला. पानंही सांगतात: काळपट हिरवं पान म्हणजे प्रकाश कमी, पोपटी म्हणजे बरोबर, लालसर-पिवळट म्हणजे जास्त.

खिडकीच नसेल तर शेल्फला २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब लावा, झाडांपासून साधारण एक फुटावर, रोज बारा तास. फॅलेनॉप्सिसचं त्यावर भागतं. डेंड्रोबियमचं नाही.

कुलरजवळ ठेवलं तर चालेल का?

कुलर ही खान्देशातल्या ऑर्किडवाल्यांना लाभलेली मोठी गोष्ट आहे, आणि ती नीट वापरली जात नाही याचं मला वाईट वाटतं. कुलर असलेल्या खोलीत हवा थंड आणि दमट, दोन्ही होते. पण झोत थेट अंगावर घेतला तर झाड उलट सुकतं आणि कळ्या गळतात. झोताच्या बाजूला, पाच-सहा फुटांवर ठेवा. कुलरच्या टाकीतलं पाणी कुंडीत ओतू नका. दिवसभर वाफ होऊन त्यात क्षार घट्ट झालेले असतात.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. फॅलेनॉप्सिस, व्हँडा आणि जाड पानांची बरीच ऑर्किड आपली पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. पाणी वाचवण्याची ती त्यांची युक्ती आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती रात्री आत घेतात. म्हणजे आपण भर दुपारी फवारा मारून जे करतो त्यापेक्षा संध्याकाळनंतरची हवा गार आणि दमट ठेवणं जास्त कामाचं. मी दिवेलागणीला गॅलरीची फरशी ओली करते, कुंड्यांच्या मागे ओलं गोणपाट टांगते आणि झोपताना खोलीतल्या कुलरची हवा दारातून गॅलरीकडे जाऊ देते. पानांवर मात्र रात्री थेंब नको. या एका बदलाने माझ्या फॅलेनॉप्सिसची पानं मे महिन्यात सुरकुतणं जवळपास थांबलं.

कळ्या भरात होत्या आणि अचानक माना टाकल्या. दृष्ट लागली असेल का?

आधी घरात केळी कुठे टांगलीत ते बघा. हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे. पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो. आपल्याकडे केळी पिकवण्याच्या खोल्यांत तोच वापरतात, हे रावेर-यावलच्या माणसाला सांगायला नको. ऑर्किडची फुलं या वायूला फार हळवी असतात. आमच्याकडे एकदा भावाने मळ्यातला अख्खा घड आणून गॅलरीच्या दारात टांगला. तिसऱ्या दिवशी नऊ फुलांची फॅलेनॉप्सिसची काडी मिटून गेली. आंब्याची अढी लावली असेल तर तिथेही हाच धोका. आमच्या घरात आता फळं स्वयंपाकघरात, फुलावर आलेली झाडं दुसऱ्या टोकाला.

केळी नसतील तर दुसरी कारणं शोधा: कुलरचा थेट झोत, कळ्या असताना जागा बदलणं, किंवा पाण्यात पडलेला मोठा खंड.

खत कोणतं?

कृषी केंद्रात मिळणारं १९:१९:१९ हे विद्राव्य खत पुरतं. एक लिटर पाण्याला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तीन आठवडे. चौथ्या आठवड्यात नुसतं पाणी. कपाशीला टाकतो त्या हाताने टाकू नका, मुळं जळतात. मे महिन्यात मी खत बंदच ठेवते. "ऑर्किड स्पेशल" लिहिलेल्या महागड्या लहान बाटल्यांची मला तरी गरज वाटलेली नाही.

कोणत्या जाती घ्याव्यात आणि कोणत्या नकोत?

वेळ कमी असेल तर फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम. फॅलेनॉप्सिसची फुलं दोन-तीन महिने टिकतात. थोड्या मिनिटांत एवढं देणारं दुसरं झाड माझ्या बघण्यात नाही. डेंड्रोबियम आपल्या उष्णतेला सरावतं आणि चूक माफ करतं. ऑन्सिडियम, कॅटलिया दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घ्या. व्हँडा दिसायला राणी, पण मुळं रोज भिजवण्यात तिला सुट्टी नाही. माझ्याकडे चारच आहेत, पाचवी घेणार नाही. सिम्बिडियमला फुलण्यासाठी पावसाळ्याअखेरीपासूनच गार रात्री लागतात. आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात ते पानंच देत राहतं. डोंगरातल्या थंड हवेची मिल्टोनियॉप्सिस, मॅसडेव्हॅलिया फोटोत बघून समाधान मानावं.

पानं छान आहेत, फुलं येत नाहीत.

फॅलेनॉप्सिसला फुलाची काडी काढायला काही आठवडे गारवा लागतो, रात्री १६ ते १८ अंशांच्या आसपास. तो आपल्याला नोव्हेंबरात फुकट मिळतो. त्या दिवसांत खिडकी उघडी ठेवा. पण डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांकडे उतरला की रात्री काच लावून घ्या. डेंड्रोबियम फुलत नसेल तर दहापैकी नऊ वेळा प्रकाश कमी पडतोय. त्याची जुनी, पानं गळालेली काडी, म्हणजे खोड, कापू नका, तिच्यावरही फुलं येतात.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ-दहा दिवस माहेरी जायचं असतं, तेही ऐन उन्हाळ्यात. झाडांचं काय?

मीसुद्धा जाते, आणि झाडांपायी माहेर सोडू नका. निघायच्या दिवशी सकाळी सगळ्या कुंड्या अर्धा तास भिजवते. मग घरातल्या सगळ्यांत गार जागी, आमच्याकडे मोरीच्या खिडकीखाली, जमिनीवर दाटीवाटीने मांडते. सभोवती ओलं गोणपाट आणि मधे पाण्याने भरलेल्या दोन परातींवर जाळी, तिच्यावर कुंड्या. कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये. फॅलेनॉप्सिसच्या कुंडीत वर ओल्या मॉसचा (शेवाळाचा) पातळ थर टाकते. त्याने सहा दिवस निघतात. व्हँडासाठी मात्र माणूस लागतो. माझ्या शेजारणीकडे किल्ली असते, आणि मी टोपल्यांना लाल दोरा बांधून ठेवते: लाल दोरा असेल ते रोज बादलीत बुडवायचं, बाकीचं चौथ्या दिवशी एकदा. एवढंच सांगायचं. लांबलचक सूचना दिल्या की प्रेमापोटी शेजारी सगळ्यांनाच रोज पाणी घालतात.

पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतोय.

पिठ्या ढेकूण. कपाशीवाल्या घरांत ओळख करून द्यायला नको. ते झाड लगेच वेगळं करा, कानकाडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, पानाच्या बेचक्यात नीट बघा आणि आठवड्याने पुन्हा करा. एप्रिल-मेमध्ये पानाखाली चंदेरी खरखरीतपणा दिसला तर लाल कोळी. तो कोरड्या हवेत वाढतो, पानांची खालची बाजू पाण्याने धुवा. उरलं तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण, आणि फवारणी सूर्यास्तानंतर. रात्री पानांवर थेंब नको याला हा एवढाच अपवाद, पण गाभ्यात राहिलेले थेंब टिपून घ्या.

दाटीच्या संग्रहात कीड दोन आठवड्यांत घरभर होते. म्हणून नवीन झाड तीन आठवडे दुसऱ्या खोलीत. कितीही सुंदर असलं तरी.

सातपुड्यातून रास्ना काढून आणली तर चालेल?

नाही. यावलसारख्या अभयारण्यातून झाड काढणं हा गुन्हा आहे, आणि अभयारण्याबाहेरही मी आणणार नाही. ऑर्किडच्या बीत स्वतःची शिदोरी नसते. धुळीसारखं ते बी फांदीवर योग्य बुरशी भेटली तरच रुजतं आणि फुलायला कित्येक वर्षं घेतं. आपण ओरबाडून आणलेलं झाड बहुतेक वेळा मुळं तुटून वर्षभरात मरतं. दुकानातली संकरित झाडं टिश्यूची असतात, आपल्या टिश्यू केळीसारखी प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढलेली. ती खुशाल घ्या. रास्ना बघायची असेल तर उन्हाळ्याअखेर शिवारातल्या जुन्या आंब्यांखालून मान वर करून चालत जा.

झाडं कधी मागवावीत?

पाऊस स्थिरावल्यावर, जुलैपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, नाहीतर फेब्रुवारीत. एप्रिल-मेमध्ये खोक्यात तीन दिवस बंद राहिलेलं झाड शिजून येतं. मी एकदा अशी सहा मागवली होती, एकही वाचलं नाही.

झाडं जास्त झाली, देववत नाहीत. काय करू?

डेंड्रोबियम काडीवर पिल्लं देतं, वाढदिवसाला कोणी फॅलेनॉप्सिस आणतं, आणि आकडा आपोआप चढतो. मी दरवर्षी होळीच्या सुमारास, ऊन तापायच्या आधी, मोजणी करते. ४० च्या वरची जातात. कमजोर झाड पाहून देत नाही. जे धडधाकट आहे आणि माझ्याकडे त्याच्यासारखं दुसरं आहे ते देते, कारण नवख्या माणसाला मरायला टेकलेलं झाड देणं म्हणजे त्याची हौस मोडणं. शाळेतल्या दोन बाई आणि आमचे दूधवाले दादा आता माझ्या झाडांचे मालक आहेत. प्रत्येक कुंडीला मी पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधते: नाव, कुठल्या खिडकीत होतं, थंडीत किती दिवसांनी पाणी, मेमध्ये किती दिवसांनी, आणि खाली ठळक अक्षरात "केळ्यांपासून लांब ठेवा".